आयर्लंडमधलं पूर्वजांचं गाव कसं शोधावं

आयरिश पूर्वजांचा माग काढणारे बहुतेकदा एकाच ठिकाणी अडतात, ते म्हणजे गावाचं नाव. अमेरिकेतल्या थडग्यावर, ऑस्ट्रेलियातल्या लग्नाच्या दाखल्यावर किंवा ब्रिटिश पलटणीच्या कागदावर एक नाव असतं आणि नकाशात ते काही केल्या सापडत नाही. नाव सांगणाऱ्याला अनेकदा लिहिता येत नसे, आणि लिहून घेणाऱ्याने आयर्लंड पाहिलेलं नसे. पण त्या नावाशिवाय पुढे सरकताही येत नाही. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले. 1861 ते 1891 चे त्याआधीच सरकारी आदेशाने नष्ट झाले होते. जे उरलं आहे ते बहुतांशी गावनिहाय लावलेलं आहे. म्हणून आधी गाव, मग माणूस.

नाव जसं आहे तसं उतरवून घ्या

वहीत नोंद करतानाच स्पेलिंग दुरुस्त करायचा मोह होतो. तो टाळा. कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं ते वेडंवाकडं स्पेलिंग म्हणजे तुमच्या पूर्वजाच्या उच्चाराचा एकमेव पुरावा असू शकतो. मूळ कागदाचा फोटो ठेवा, अक्षर कुठे पुसट आहे तेही टिपून ठेवा.

त्यानंतर त्याच माणसाचे आणि त्याच्या भावंडांचे बाकीचे कागद गोळा करा, म्हणजे एकाच नावाची चार-पाच रूपं हाती येतात. काही साधनं या कामी फार उपयोगी पडतात. बॉस्टनच्या 'द पायलट' या वृत्तपत्रात 1831 ते 1921 या काळात ताटातूट झालेल्या आयरिश नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येत. त्यांत पॅरिश (चर्चच्या कारभारातून आलेला छोटा विभाग) आणि काउंटी (जिल्ह्यासारखा मोठा विभाग) हीसुद्धा लिहिलेली असे. बॉस्टन कॉलेजने हा साठा ऑनलाइन ठेवला आहे. न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक 1850 मध्ये सुरू झाली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून ती जन्मगाव, जहाज, आईवडील, भावंडं अशी सगळी माहिती लिहून घेई. पूर्वज ब्रिटिश सैन्यात असेल आणि पेन्शनवर गेला असेल तर त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर छापील मजकूरच असे की अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहराजवळ, अमक्या काउंटीत जन्म. एका ओळीत तीन खुणा मिळतात.

इथे महाराष्ट्राचा धागा जुळतो. रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स या ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणीची दुसरी बटालियन म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या युरोपियन पलटणीचीच वारस. 103 वी रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स 1881 मध्ये तिच्यात रूपांतरित झाली. कंपनीच्या सैन्यात आयरिश शिपायांची भरती मोठी होती. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतून पलटण कळते, जन्मगावासाठी मात्र वर सांगितलेले सैनिकी कागद बघावे लागतात.

नाव कुठल्या पातळीचं आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. आयर्लंडमध्ये 32 काउंटी. त्यांच्या खाली बॅरनी म्हणजे काउंटीचे जुने पोटविभाग, मग सुमारे 2,500 सिव्हिल पॅरिश, आणि तळाला 60 हजारांहून जास्त टाउनलँड. टाउनलँड हे नाव फसवं आहे, त्यात टाउन असेलच असं नाही. आपल्याकडच्या मौज्यासारखी ही हद्द ठरलेली जमीन. एखादी एकरभरसुद्धा नसते, एखादी हजारो एकरांची. आपण वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द म्हणतो, तसं तिथे एकाच नावापुढे 'मोर' आणि 'बेग' लागतं, किंवा अप्पर आणि लोअर. परदेशातल्या कागदावर हे शेपूट सहसा गळून पडलेलं असतं.

याला समांतर आणखी दोन व्यवस्था चालतात. कॅथलिक चर्चच्या पॅरिशची हद्द सिव्हिल पॅरिशशी जुळेलच असं नाही, नावही वेगळं असू शकतं. आणि पुअर लॉ युनियन हे गरिबांच्या मदतीसाठी बाजारपेठेच्या गावाभोवती आखलेले विभाग काउंटीची सीमासुद्धा ओलांडतात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी याच विभागांनुसार झाली.

त्यामुळे कागदावर 'बॅलिना' दिसलं तर ते गाव की युनियन, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, कुठलं बॅलिना? एक मेयो काउंटीत आहे, दुसरं टिपररीत शॅनन नदीकाठी. 'बॅलिनाहिंच' डाउन काउंटीत गाव आहे आणि गॉलवेत अख्खी बॅरनी. 'क्वीन्सटाउन' लिहिलेलं असेल तर ते अनेकदा जन्मगाव नसतं, जहाज जिथून सुटलं ते बंदर असतं. 'डेरी' म्हटल्यावर लगेच त्या काउंटीकडे धावू नका, त्या नावाच्या टाउनलँड इतरत्रही आहेत.

जुनं नाव आहे का ते बघा

हे काम पटकन होतं, पण ते सुटलं तर महिने फुकट जातात. किंग्ज काउंटी म्हणजे आजचं ऑफली, क्वीन्स काउंटी म्हणजे लीश. किंग्जटाउनचं डन लेअरी आणि क्वीन्सटाउनचं कोव्ह 1920 मध्ये झालं. मेरीबरो आता पोर्टलीश आहे, पार्सन्सटाउन आता बर.

मोठ्याने म्हणा, मग शोधा

कॉर्क काउंटीतल्या यॉल या बंदराचं खरं स्पेलिंग सात अक्षरांचं आहे, वाय-ओ-यू-जी-एच-ए-एल. मधला 'जीएच' उच्चारात येतच नाही. ज्याने ते फक्त ऐकलं तो वाय-ए-डब्ल्यू-एल लिहिणार. म्हणून तुमच्याकडचं नाव मोठ्याने म्हणा, आणि ज्या ज्या प्रकारे ते लिहिता येईल ते सगळे प्रकार कागदावर मांडा. 'के'च्या जागी 'सी', 'ड्रम'च्या जागी 'ड्रोम', 'नॉक'मधला सुरुवातीचा मूक 'के' गायब, एका 'एल'चे दोन, हे सगळं सर्रास होतं.

मग तारांकन (*) वापरून शोधा. 'बॅली' आणि 'किल' यांनी सुरू होणारी नावं हजारोंनी आहेत, त्यामुळे नावाच्या पुढच्या भागाचा फारसा उपयोग नाही. मागचा अर्धा भाग ठेवा आणि सुरुवातीला तारा टाका. लॉगॅनिम हा आयर्लंडचा अधिकृत स्थळनाम कोश मोफत आहे, आयरिश रूप देतो आणि बऱ्याच नावांचा उच्चार ऐकवतो. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाचा स्थळनाम प्रकल्प बघा. 1851 च्या जनगणनेवर आधारलेली टाउनलँडची छापील सूची 1861 मध्ये निघाली. आजही प्रमाण स्पेलिंगसाठी तीच पायाभूत धरतात.

सूचीत नसेल तर

नाव सूचीत नाही म्हणजे ते चुकीचं आहे असं समजू नका. टाउनलँडच्याही खाली नावं असतात. वाडी, टेकडी, चौरस्ता, एखादं शेत. लोक तेच नाव सांगून बोटीत बसले.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने 1824 ते 1846 दरम्यान सबंध बेटाची एका मैलाला सहा इंच या प्रमाणात मोजणी केली. नावं ठरवण्याचं काम जॉन ओ'डॉनोव्हन यांच्याकडे होतं. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांकडून उच्चार ऐकून त्यांनी निर्णय घेतले. हे निर्णय ज्यांत लिहिले त्या 'नेम बुक्स' नावाच्या वह्यांचं एक पान जरूर डोळ्यांखालून घाला. ठरवलेलं स्पेलिंग, शेजारी आधी प्रचलित असलेली पाच-सहा स्पेलिंगं, आणि प्रत्येकापुढे ते कुठून घेतलं याचा उल्लेख असतो. कुठे दशांश कराची (चर्चला द्यायच्या कराची) वही, कुठे काउंटीचा जुना नकाशा, कुठे स्थानिक जमीनदार. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी वापरलेलं रूप त्या बाजूच्या रकान्यात सापडू शकतं. सहा इंची नकाशे आता ऑनलाइन आहेत, तेही नजरेखालून घाला.

दुसरं एक साधन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 1937 ते 1939 या काळात आजच्या प्रजासत्ताकाच्या 26 काउंटींतल्या प्राथमिक शाळांमधल्या मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून लोकपरंपरा लिहून काढली. त्यात शेतांची, विहिरींची, पडक्या वस्त्यांची नावं आहेत, जी कुठल्याच सरकारी दफ्तरात आली नाहीत. 'डूखस' या संकेतस्थळावर मुलांच्या हस्ताक्षरातली पानं शाळेनुसार आणि जागेनुसार वाचता येतात.

नावाला माणसं जोडा

एकच नाव पाच ठिकाणी सापडलं तर निवाडा आडनावं करतात. 1847 ते 1864 दरम्यान झालेल्या ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या मूल्यमापनात, टाउनलँडनिहाय जमीन कसणाऱ्यांची नावं आहेत. त्याआधीची पायरी म्हणजे 1823 ते 1837 च्या दशांश कराच्या वह्या. प्रत्येक संभाव्य टाउनलँडमध्ये तुमचं आडनाव तर बघाच, शिवाय लग्नातले साक्षीदार, बाप्तिस्म्यातले धर्ममातापिता, परदेशातले शेजारी यांचीही आडनावं बघा. माणसं एकटी जात नसत. केरीतल्या लॅन्सडाउन जहागिरीतली कुळं 1851 च्या सुमारास हजारोंनी न्यूयॉर्कला पाठवली गेली. त्यांतली पुष्कळ फाइव्ह पॉइंट्स या एकाच वस्तीत शेजारी-शेजारी राहिली. अशा वेळी तुमच्या पूर्वजाच्या कागदावर नुसतं 'आयर्लंड' असलं तरी शेजाऱ्याच्या बँकखात्यावर पॅरिश लिहिलेली असते.

दोन-तीन आडनावं एकाच टाउनलँडमध्ये किंवा लगतच्या टाउनलँडमध्ये भेटली, की तिथली कॅथलिक पॅरिश कोणती ते काढा. 1880 च्या सुमारापर्यंतच्या नोंदवह्यांची छायाचित्रं नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने 2015 पासून मोफत खुली केली आहेत. 1901 आणि 1911 च्या जनगणनाही मोफत आहेत, पण आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या जन्मस्थळाच्या रकान्यात बहुधा फक्त काउंटी किंवा शहर मिळतं.

तरीही गाठ सुटली नाही तर 'आयर्लंड रीचिंग आउट' या संस्थेचे स्वयंसेवक पॅरिशवार मदत करतात. त्यांना लिहिताना स्पेलिंगची सगळी रूपं, मूळ कागदाचा फोटो, आडनावांची यादी आणि साधारण सालं पाठवा. जागा ठरली की नोंद पूर्ण करा. टाउनलँड, सिव्हिल पॅरिश, बॅरनी, पुअर लॉ युनियन, काउंटी, आणि वेगळ्या ओळीत कॅथलिक पॅरिश लिहा. जे मूळ वेडंवाकडं स्पेलिंग घेऊन निघालात, तेही कागदाच्या तारखेसह त्याच नोंदीत ठेवा. पुढच्या शोधकाला तुमचा निर्णय त्याच्यावरूनच तपासता येईल.