म्हाताऱ्या मांजराचे दात काढल्यावर घरी काय करायचं

आमची बारकी तेरा वर्षांची. नाव पडलं तेव्हा तळहातावर मावायची, आता पावणेचार किलोची बाई झाली तरी नाव तेच राहिलं. मागच्या डिसेंबरात तिचे एकदम नऊ दात काढावे लागले, अन परभणीची थंडी कशी असती ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्या पंधरा दिवसांत जे कळलं, थोडं डॉक्टरांकडून अन बरंचसं स्वतः चुका करून, ते लिहायलेय.

मोठ्या मांजराला ३० दात असतात, वर १६ अन खाली १४. वय झालं की कितीतरी मांजरांत शरीर स्वतःच दात विरघळवायला लागतं, हिरडीजवळ खड्डा पडतो, अन बाहेरून बघितलं तर नुसती हिरडी लाल दिसती, बस. आत मात्र ठणका लागलेला असतो. असे दात भरून वगैरे चालत नाहीत, काढावेच लागतात. बारकीचे नऊ दात काढल्याचं ऐकून आमच्या मामी (सासूबाई) म्हणल्या, "अगं दात काढून आणलीस, आता उपाशी मारतीस का तिला?" तर ते आधीच सांगून टाकते, एकबी दात नसलेली मांजरं मजेत जेवतात. मांजर तसंबी आपल्यासारखं चावत बसत नाही, तुकडे करून गिळून टाकतं. हाल होतात ते दुखरा दात तोंडात ठेवल्यानं.

घरी आणल्यावर तुमचं काम खरं तर एवढंच, आधी दुखणं दाबायचं, मग खाऊ घालायचं. हा क्रम उलटा केला की फसलात, मी फसले होते, ते पुढं येतंच.

पहिली रात्र ऊब देण्यात जाती. भुलीतून उठलेल्या मांजराला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हाताऱ्याला तर लईच वेळ लागतो. मी मामींची जुनी वाकळ चौघडी करून कोपऱ्यात टाकली, प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरलं, ती बाटली लोकरीच्या मोज्यात घातली अन वाकळीच्या एकाच बाजूला ठेवली. एकाच बाजूला अशासाठी की गरम वाटलं तर तिला सरकायला जागा पाहिजे, भुलीतल्या जनावराला चटका बसला तरी लवकर कळत नाही. उन्हाळ्यात हे ऑपरेशन झालं तर बाटली नको, खोली थंड ठेवा पण कुलरच्या थेट झोतात झोपवू नका.

जागा जमिनीवरच करा. पलंग, टेबल, माळा, सगळं बंद. मी सोफा विसरले, अन बारकीनं उडी मारली तर पुढचे पाय वर अन मागचे तिथंच खाली, धपकन पडली. कपाटामागची फटबी बुजवा, तिथं जाऊन बसलं की औषध द्यायला बाहेर काढताना तुमचेच हात फाटतात. पुढच्या पायाला सलाईनची पट्टी असंल तर ती कधी काढायची ते दवाखान्यातच विचारून घ्या, घट्ट पट्टी रात्रभर राहिली तर पंजा सुजतो. घरात दुसरं मांजर असंल तर ती रात्र वेगळं ठेवा, आमचा बोका दहा वर्षं तिच्यासोबत राहिलाय तरी दवाखान्याचा वास आला की अनोळखी असल्यावानी फिसकारायला लागला.

डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या दिसणं, झोकांड्या जाणं, उगंच ओरडणं, हे रात्रभर चालू शकतं. लाळेत गुलाबी छटा एखाद-दोन दिवस दिसली तर घाबरू नका. लाल रक्त टपकतच राहिलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या बराच वर जायला लागला तर रात्रीचे बारा वाजलेले असू द्या, फोन करा.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी एकदम शांत, झोपलेली, मला वाटलं बरी झाली. दुखण्याचं औषध दुपारी द्यायचं होतं, म्हणलं झोपलीय तर उगं कशाला उठवायचं. संध्याकाळी बघते तर भिंतीकडं तोंड करून बसलेली, चारी पाय पोटाखाली घेऊन, पाठीचा कुबड काढलेला, डोळे अर्धे मिटलेले अन कान बाजूला पडलेले. समोर चिकन ठेवलं तर जवळ आली, वास घेतला, जीभ ओठावरून फिरवली अन मागं सरकली. भूक होती तिला, दुखायलं होतं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी चांगलं झापलं, मग मी डोस दिला, अन दोनेक तासांनी तिनं स्वतःहून रस्सा चाटला. मांजर रडत नाही, लंगडत नाही, दुखलं की गप होतं. म्हणून गप बसलंय म्हणजे बरं आहे असं समजूच नका, अन औषध घड्याळ लावून द्या, जेवायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं का जेवणासोबत तेबी विचारून घ्या, कारण मेलॉक्सिकॅमसारखं औषध पोटात अन्न असताना देतात अन दुसरी काही रिकाम्या पोटीबी चालतात.

मेलॉक्सिकॅमचं अजून एक. पातळ औषध कुत्र्याचं वेगळं अन मांजराचं वेगळं मिळतं, कुत्र्याच्या बाटलीत एका मिलीला १.५ मिलिग्रॅम अन मांजराच्या बाटलीत ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे तिप्पट फरक. मेडिकलवाल्यानं "एकच असतं ताई" म्हणलं तरी बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा. म्हाताऱ्या मांजराच्या किडन्या आधीच थकलेल्या असतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून घ्या, अन उलट्या व्हायला लागल्या किंवा खाणं बंद झालं तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अन पॅरासिटामॉल अजिबात नाही. लेकराच्या तापाचं सिरपबी नाही, अर्धी गोळीबी नाही, पाव गोळीबी नाही. मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं बंद करतं, हिरड्या तपकिरी पडतात, अन एका ५०० च्या गोळीनं मांजर मरू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकबी तसंच, घरातलं कोणतंच नाही. शेजारच्या काकूंनी लवंगाचं तेल लावा म्हणलं, एकानं तर मिसरी लाव म्हणून सांगितलं, हिरडी बधीर होती म्हणे. लवंगाचं तेल मांजराला विषारी असतं अन मिसरीत तंबाखू असती. दोघांनाबी हो हो म्हणायचं अन काहीच लावायचं नाही.

आता खाणं. पहिल्या रात्री सरळ चालता यायला लागलं की नेहमीच्या खाण्याचा चौथा हिस्सा द्या, जास्त दिलं तर उलटी करती. मी बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायची, मिक्सरला त्याच पाण्यासोबत फिरवायची, पिठल्याएवढं पातळ. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर बिलकुल नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे आपल्या येसराच्या रश्श्यातले चार थेंबबी नाही, कितीबी तोंडाकडं बघू द्या. ज्यांच्या घरात मांसमच्छी शिजत नाही त्यांनी सरळ ग्रेव्हीचे पाऊच आणा, काट्यानं चुरगाळा, कोमट पाणी टाका. हे नुसतं चिकन आठ-दहा दिवसांपुरतं ठीक आहे, कायमचं नाही, त्यात मांजराला लागणारं सगळं नसतं. दूध-भाकरी सध्या विसरा, मोठ्या मांजराला दूध बहुतेक वेळा पचत नाही, अन ऑपरेशनवर हगवण लागली तर अंगातलं पाणी जातं.

खाणं फ्रीजमधून काढून थंड देऊ नका. मांजर जिभेपेक्षा नाकानं जेवतं, गार खाण्याला वास नसतो. वाटी गरम पाण्यात ठेवायची, बोट घालून बघायचं, अंगाएवढं कोमट लागलं की झालं. खोलगट वाटीपेक्षा पसरट ताटली बरी, तोंड काठाला लागत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन चमचे. पाण्याची भांडी दोन ठेवा, आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो ते सोडा, तिचं पाणी रोज बदलायचं.

बळंच सिरिंजनं भरवायची घाई करू नका. टाक्यांवर दाब येतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, अन एकदा का त्या खाण्याशी दुखणं जोडलं गेलं की मांजर ते खाणंच सोडून देतं. डॉक्टरांनी सांगितलंच तर बिनसुईची सिरिंज गालाच्या बाजूनं, एकावेळी अर्धा-एक मिली, डोकं वर करायचं नाही, अन तिनं गिळल्यावरच पुढचं. कॅप्सूल द्यायची वेळ आली, खास करून डॉक्सीसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन, तर मागून पाच-सहा मिली पाणी द्यायलाच पाहिजे, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करती.

पण वाट किती बघायची? घरी आल्यापासून २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर फोन, उद्यापर्यंत बघू म्हणायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागती, जाड मांजराला तर जास्त धोका, अन दातासाठी गेलेलं मांजर लिव्हरनं जातं.

खाल्लं किती हे डोळ्यानं कळत नाही, वजनानं कळतं. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा डिजिटल काटा मी रोज सकाळी वापरला, बारकीला पिशवीत घालून, गिऱ्हाईक यायच्या आधी. पहिल्या चार दिवसांत ३ किलो ७५० वरून ३ किलो ६२० झाली, मग थांबली, मग हळूहळू चढली. तो किराणावाला आता मला बघितलं की आधी "मांजर किती?" असंच विचारतो.

लघवी २४ तासांत झालीच पाहिजे, सलाईनमुळं पहिल्या दिवशी उलट जास्त होती. शी दोन दिवस नाही झाली तरी चालतं, पोटात होतंच काय, पण तिसऱ्या दिवसानंतर विचारा. आपल्याकडं बरेचजण टोपल्यात वाळू नाहीतर राख टाकतात, ते पंधरा दिवस बंद, पंजाला चिकटून चाटताना तोंडात जाती. जुना पेपर फाडून टाका. टोपलं उथळ घ्या, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतात.

तोंड उघडून टाके बघायचा मोह आवरा. टाके विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. बाहेरून एवढं बघा: वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या अगदी खाली असतात, म्हणून डोळा सुजला, बाहेर आल्यासारखा दिसला किंवा उघडेना झाला तर त्याच दिवशी जा. पाणी पिल्यावर शिंका येऊन नाकातून पाणी किंवा खाणं यायला लागलं तर वरच्या सुळ्याच्या जागेतून नाकात भोक राहिलेलं असू शकतं. तीन-चार दिवसांनंतर तोंडाला सडका वास आला, तेबी सांगायचं. अन वरचा सुळा काढलेला असंल तर खालचा सुळा कधीकधी वरच्या ओठात रुतायला लागतो, बारकीला ते झालं होतं, ओठावर बारीक फोड दिसली, डॉक्टर म्हणले लक्ष ठेवू, अन महिन्याभरात ओठ स्वतःच सरकला.

तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर बहुतेक गाई-म्हशींचेच, त्यात त्यांचा दोष नाही, पण दात काढायचा म्हणलं की एक्स-रे आहे का, मूळ आत राहिलं तर कसं कळंल, भूल देताना श्वासनलिकेत नळी टाकणार का, हे विचारायला लाजू नका. परभणी अन उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड केस असंल तर तिथं आधी चौकशी करून जाता येतं.

दहा-चौदा दिवसांनी चेक-अप. तोपर्यंत कोरडं खाणं नाही, ब्रश नाही, दोरीचा खेळ नाही. उरलेल्या दातांना नंतर ब्रश सुरू केला तर मांजराचीच पेस्ट वापरा, आपली नको, ते गिळतात. बारकीनं मात्र कशाचीच वाट बघितली नाही. बाराव्या दिवशी मी आंघोळीला गेले अन इकडं तिनं बोक्याच्या ताटलीतलं कोरडं खाणं साफ केलं, एकेक दाणा अख्खा गिळून, अन वरून बोक्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.