डाग दिसला की पंप उचलू नका, आधी पान उलटं करा

श्रावणाची झड, मध्येच चटके देणारं ऊन, आणि सोयाबीननं ओळी झाकून टाकलेल्या. इंदूरकडे सांवेर, देपालपूर, महू, सगळीकडे हेच. बुरशीला आणखी काय हवं? दर साली याच दिवसांत एकच चूक बघतो: एक डागाळलेलं पान खिशात घालून दुकान गाठायचं. तिथं पानाकडे कुणी बघत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा पुडा, वर टॉनिकची बाटली, आणि उधारीच्या वहीत दोन ओळी.

गेल्या साली हातोदच्या एका काकांनी बुरशीनाशक तीनदा मारलं. मी जाऊन बघितलं तर पिवळा मोझॅक! तो विषाणू, पांढरी माशी पसरवते. अशी झाडं दिसताक्षणी उपटायची असतात.

म्हणून सकाळी दव असताना बांधावर जा, खालची पानं उलटी करा.
– उकळत्या पाण्यानं भाजल्यासारखं पान, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, पानं एकमेकांना चिकटलेली: रायझोक्टोनिया बुरशीचा करपा.
– शिरा आणि देठ तांबूस-काळे, शेंगांवर काळे ठिपके: अँथ्रॅकनोज.
– गोलात गोल, भोवती पिवळी कड: कोरिनेस्पोरा. हीच बुरशी रबराच्या झाडाचीही पानं गाळते. श्रीलंकेत तिच्यापायी आर.आर.आय.सी. 103 हा रबराचा अख्खा वाण सोडून द्यावा लागला.
– खालून बारीक फोड, भोवती पिवळं: बहुधा जिवाणू. बुरशीनाशक वाया.

ओळखू येईना, तर डब्यात ओला कागद घालून पान रात्रभर झाकून ठेवा. सकाळी धागे फुटले की बहुधा बुरशीच.

बुरशीचं नाव एक असलं तरी तिच्यात जाती-पोटजाती असतात. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीनं बुरशी मारणारं, औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला न जुमानणारी तेवढी उरते आणि पुढच्या साली तीच पसरते. मग दुकानदार म्हणतो, डोस वाढवा. वाढवू नका, गट बदला.

अँथ्रॅकनोज किंवा करपा असेल तर टेब्युकोनॅझोल 25.9 ईसी, हेक्टरी 625 मिली, 500 लिटर पाण्यात. 15 लिटरच्या पंपाला साधारण 19 मिली. किंवा टेब्युकोनॅझोल + गंधक, हेक्टरी सव्वा किलो. पाण्यात कंजुषी केली तर औषध वरच्याच पानांवर राहतं आणि रोग खाली खुशाल वाढतो. माझा आपला ठोकताळा: उत्तरेच्या कडेची, झाडाच्या सावलीतली ओळ आधी बघा, सुरुवात तिथूनच होते.

बाकी नेहमीचं:
– चर मोकळे करा
– चक्रभुंग्यानं (खोड पोखरणारी कीड) गोल खाचा पाडलेली फांदी तोडून नष्ट करा
– पक्षीथांबे लावा
– टॉनिक नको

तरीही शंका राहिली तर इंदूरला खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत नमुना न्या. पान वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत दुपारपर्यंत कुजतं.