ओटीपी म्हणजे नेमका कोणता? सूचना लिहिताना संज्ञा कशी निवडावी

बँक, पतसंस्था किंवा एखाद्या ॲपसाठी मराठी सूचना लिहिताना ‘ओटीपी’ (वन-टाइम पासवर्ड, म्हणजे एकदाच वापरायचा कोड) हा शब्द सर्रास वापरला जातो; पण त्या एका नावाखाली बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि कोड चालेनासा झाला तर ग्राहकाने काय करायचे, याचे उत्तर प्रत्येकीसाठी वेगळे असते. म्हणून नाव ठरवण्याआधी, हा आकडा कुठे तयार होतो आणि कशामुळे बाद होतो, हे दोन प्रश्न तांत्रिक विभागाला विचारून घ्यावेत.

आकडा सर्व्हरवर तयार होऊन मोबाइलवर पाठवला जात असेल, तर त्याला ‘एसएमएसने आलेला ओटीपी’ असे पूर्ण नाव द्यावे. तो मिळाला नाही तर नेटवर्क आहे का, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तोच आहे का, हे पाहायला सांगणे योग्य ठरते. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर आधीचा ओटीपी रद्द होतो की मुदत संपेपर्यंत चालतो, हेही तिथेच लिहावे, कारण उशिरा पोहोचलेला पहिला आकडा टाकून ग्राहक हमखास अडकतो.

ऑथेंटिकेटर ॲपमधला, म्हणजे फोनवरच लॉगिनचा कोड तयार करणाऱ्या ॲपमधला कोड मात्र कुठूनही येत नाही, तेव्हा ‘ॲपवर आलेला ओटीपी’ ही शब्दरचना टाळावी. खाते जोडताना क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते आणि तीच किल्ली सर्व्हरकडेही असते. पुढे दोघेही ती किल्ली आणि चालू वेळ यांवरून आपापल्या जागी तोच हिशेब करतात, त्यामुळे फोन एअरप्लेन मोडमध्ये असला तरी कोड दिसतो. या कोडला ‘ऑथेंटिकेटर ॲपमधील कोड’ म्हणावे, आणि तो नाकारला गेल्यास नेटवर्क नव्हे तर फोनचे घड्याळ तपासायला सांगावे.

एचओटीपी (मोजणीवर आधारित कोड) आणि टीओटीपी (वेळेवर आधारित कोड) ही नावे ग्राहकासाठीच्या मजकुरात आणण्याचे कारण नाही, पण तांत्रिक टिपणात ती अदलाबदलीने वापरू नयेत. आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका; तिच्यातल्या २००५ च्या आरएफसी ४२२६ मध्ये एचओटीपी आहे. त्यात किल्लीसोबत एक मोजणी धरली जाते आणि ती प्रत्येक नव्या कोडबरोबर एकाने पुढे सरकते. २०११ च्या आरएफसी ६२३८ मधील टीओटीपी त्या मोजणीच्या जागी वेळ ठेवतो, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांना सहसा ३० ने भागून येणारा पूर्णांक. दोन्ही दस्तऐवजांतली चाचणीची उदाहरणे शेजारी ठेवली की नाते लगेच दिसते. मोजणी १ असताना एचओटीपी २८७०८२ येतो, आणि ५९ व्या सेकंदाचा आठ अंकी टीओटीपी ९४२८७०८२ आहे. ५९ भागिले ३० म्हणजे पूर्णांकात १, किल्ली तीच, म्हणून शेवटचे सहा अंकही तेच.

‘एकदाच चालतो’ आणि ‘थोडाच वेळ चालतो’ यांची गल्लत मला सर्वांत घातक वाटते. टीओटीपीचा कोड त्या ३० सेकंदांत बदलत नाही. तो खरोखर एकदाच चालावा यासाठी, एकदा स्वीकारलेला कोड सर्व्हरने दुसऱ्यांदा नाकारलाच पाहिजे, अशी आरएफसी ६२३८ ची अट आहे. ती अट आपल्या यंत्रणेत पाळली जाते याची खात्री झाल्याशिवाय ‘एकदाच वापरता येणारा’ असे लिहू नये. ‘अल्पकाळ वैध’ एवढेच लिहावे.

यूपीआय पिनला ओटीपी म्हणणे तर सरळ चूक आहे. पिन ग्राहक स्वतः ठरवतो आणि बदलेपर्यंत तोच राहतो. तो डेबिट कार्डाच्या आधारे ठरवताना मात्र एकाच पडद्यावर आधी बँकेचा ओटीपी आणि मग नवा पिन मागितला जातो, आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. तेव्हा सूचनेत ‘बँकेने एसएमएसने पाठवलेला ओटीपी’ आणि ‘तुम्ही ठरवलेला यूपीआय पिन’ अशी पूर्ण नावे दोन स्वतंत्र वाक्यांत द्यावीत.

‘ओटीपी आहे, म्हणजे द्विस्तरीय पडताळणी आहे’ असेही गृहीत धरू नये. पासवर्डनंतर ओटीपी मागितला तर पडताळणीच्या दोन पायऱ्या होतात. नुसता मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीवर लॉगिन होत असेल, जसे आपल्याकडच्या कितीतरी ॲपमध्ये होते, तर पायरी एकच, कारण मोबाइल क्रमांक ही काही गुप्त गोष्ट नाही.

फोन हरवल्यास वापरण्यासाठी आधीच देऊन ठेवलेल्या कोडच्या यादीला ‘बॅकअप कोड’ म्हणावे. यातला प्रत्येक कोडही एकदाच चालतो, पण तो काही सेकंदांत बाद होत नाही. म्हणून ‘ओटीपी लिहून ठेवू नका’ ही नेहमीची सूचना त्याला लावली तर ग्राहक यादीच फाडून टाकेल. यादी कागदावर उतरवून फोनपासून वेगळी ठेवावी आणि वापरलेल्या कोडवर रेघ मारावी, असे तिथे स्पष्ट लिहावे.