बुधवारचं मटण सोडायचंय? जोडीदार शोधा

हवामानासाठी मटण कमी करायचं ठरवलं, तरी कोल्हापुरात एकट्यानं ते टिकत नाही. घरचे 'आजारी हाईस काय?' विचारतात आणि रविवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं होतं. त्यापेक्षा असं करून बघा.

१. भिशीतली मैत्रीण, शेजारच्या वहिनी, जावबाई, कुणीही एक घर सोबत घ्या. अख्ख्या गल्लीला सांगू नका.

२. फक्त बुधवार धरा. रविवारला हात लावला की भांडण ठरलेलं.

३. दोन्ही घरांत त्याच संध्याकाळी अख्खा मसूर करायचा आणि वाटीभर एकमेकांकडे पाठवायचा. वाटी येणार म्हटल्यावर बेत मोडायला लाज वाटते, खरी मेख तिथंच आहे.

४. मसाल्यात काटकसर नको. सुकं खोबरं, तीळ, खसखस, भाजलेला कांदा, आलं-लसूण-कोथिंबीर, सगळं वाटण मटणाचंच. तेल तापलं की आच मंद करून कांदा-लसूण चटणी घाला, म्हणजे ती करपत नाही आणि वर लालभडक कट येतो. मसूर दोन तास भिजवून कुकरला एखादीच शिट्टी. गाळ झाला तर पोरं डाळ म्हणून नाक मुरडतात.

मटणाऐवजी पनीर आणू नका, तेही जनावराच्या दुधाचंच. पांढऱ्या रश्शाच्या नादाला तर सुरुवातीला लागूच नका. अळणी पाण्याशिवाय, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याशिवाय, तो जमत नाही.

मटण, अंडी, दूध सगळंच बंद करणार असाल, तर बी-१२ च्या गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.