डोळे दुधाळायच्या आधीची तयारी

बॉल पायथन हा पाळला जाणारा परदेशी अजगर. त्याचे डोळे निळसर-दुधाळ दिसले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की मग धावपळ करणारे बरेच. तोवर उशीर झालेला असतो. कात एकसंध निघणं हे आधीच्या आठवड्यात पेटीत ओल किती होती यावर ठरतं, आणि सांगलीत एप्रिल-मे म्हणजे सकाळी पुसलेली फरशी मिनिटात वाळते. म्हणून सगळ्यात आधी हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर आणा. एरवी 55-60 टक्के आर्द्रता पुरते, कातीच्या दिवसांत 70 च्या आसपास न्यायची. पाण्याचं भांडं मोठं ठेवा, झाकणाच्या जाळीवर अर्ध्या भागात ओला टॉवेल टाका. पावसाळ्यात मात्र हात आखडता घ्या. पेटी कायम चिंब राहिली तर पोटाचे खवले सडतात.

दुसरी वस्तू ओला डबा. साप वेटोळं करून जेमतेम मावेल असा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, एका बाजूला भोक पाडा आणि कडा मेणबत्तीवर हलकेच शेकून बोथट करा. नर्सरीत ऑर्किडसाठी मिळणारं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भिजवून, घट्ट पिळून आत भरा. मुठीत दाबल्यावर थेंब पडला तर अजून पिळा. डबा पेटीच्या उबदार बाजूला ठेवा.

तोंड घासायला खरखरीत काहीतरी लागतं, कारण कात नाकापासून सुटते आणि मोजा काढावा तशी उलटी होत जाते. मला एका बागायतदार मित्राने द्राक्षवेलीचं उपटलेलं जुनं खोड दिलं होतं. काय झकास दिसत होतं! पण त्या वेलीवर वर्षानुवर्षं झालेल्या फवारण्या आठवल्या आणि ते परत केलं. घासून धुतलेला, वाळवलेला नदीचा दगड ठेवलाय.

डोळे दुधाळ असताना सापाला नीट दिसत नाही, तो चिडका होतो. हाताळू नका, उंदीरही देऊ नका. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. झालं असं वाटतं, पण कात त्यानंतर निघते. साधारण आठवडाभर वाट बघा.

तुकडे राहिलेच तर लागणारं सामानही आधीच काढून ठेवा: झाकणाला भोकं पाडलेला टब, थर्मामीटर, जुना सुती टॉवेल. पाणी 29-30 अंश, सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच, वीस मिनिटं. तेवढा वेळ तिथून उठायचं नाही. मग ओल्या टॉवेलच्या घडीतून त्याला स्वतःहून सरकू द्या, कात टॉवेलला चिकटून राहते. खोबरेल तेल आणि हळद सुचवणारे भेटतीलच. हळदीच्या गावात राहतो आपण, पण ती इथे नको. डोळ्यावरचं कवच राहिलं तर चिमटा अजिबात लावू नका, खालचा डोळा जाऊ शकतो. पुढच्या कातीलाही ते निघालं नाही तर डॉक्टर. सापाला हात लावणारे पशुवैद्य आधी शोधून नंबर घेऊन ठेवा, पुण्याचे का असेनात.

कागदही तयारीतच धरा. हे सगळं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद असलेल्या परदेशी सापापुरतं. धामण, मांडूळ, नाग असा इथला साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

निघालेली कात ओली असतानाच वर्तमानपत्रावर पसरा. डोक्याकडे दोन गोल पारदर्शक भिंगं दिसली पाहिजेत आणि शेपटीचं टोक बंद असलं पाहिजे. टोक उघडं दिसलं तर शेपटीवर जुन्या कातीचं कडं राहिलंय. माझ्याकडे एकदा ते दोन काती तसंच राहिलं आणि टोक काळं पडलं. ते कडं रक्त अडवतं, हे मला तेव्हा कळलं. नंतर हात साबणाने धुवा. शेजारच्या काकू तिजोरीत ठेवायला कात मागतात. त्यांना ती मिळते, पण शेपटी बघून झाल्यावर.