मनगटावरची गाठ: फोडू नका, आधी ओळखा

कर्नाटकातल्या निपाणीत मी फिजिओथेरपी करते. माझ्याकडं विड्या वळणाऱ्या बायका बऱ्याच येतात. कंबर नाहीतर मान दाखवून झाली की मनगटावरची गाठ पुढं करून हळूच विचारतात, "मॅडम, ह्ये कॅन्सरचं तर न्हवं?" ही गाठ गँग्लिऑन, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी, असेल तर तो कॅन्सर नाही आणि पुढं त्याचा कॅन्सर होतही नाही.

सांध्यात किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या (कंडरेच्या) आवरणात जो वंगणासारखा द्रव असतो, तोच घट्ट होऊन एका पिशवीत साठतो. भोपळ्याला देठ असावा तशी ही पिशवी आत सांध्याला जोडलेली असते. म्हणून ती कधी मोठी दिसते, कधी लहान. नेमकी का होते, याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राकडंही नाही. २० ते ४० वयातल्या बायकांत जास्त दिसते. विड्या वळल्यानं ती झाली, असं मी कुणाला सांगत नाही. पण असलेली गाठ कामानं दुखते, हे खरं.

घरी बघायचं ते एवढंच: गाठ गुळगुळीत आहे का, आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च तिला टेकवला की आतून उजेड पसरतो का. पसरला तर आत द्रव असण्याची शक्यता मोठी. तरी एकदा डॉक्टरांचा हात लागू द्या. गाठ दगडासारखी टणक असेल, भराभर वाढत असेल, लाल-गरम झाली असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर थांबू नका.

वरवंट्यानं, जाड पुस्तकानं मारून गाठ फोडायची रीत अजून आहे. एका बाईच्या गाठीवर घरच्यांनी असंच मारलं. मनगट काळंनिळं झालं, कितीतरी दिवस कात्री धरवेना आणि गाठ परत आलीच. मारानं हाड मोडू शकतं. चटका देऊ नका, घरी सुईही टोचू नका. तळहाताच्या बाजूची गाठ तर जिथं नाडी बघतात त्या धमनीला बऱ्याचदा चिकटून असते.

दुखत नसेल तर काहीच करू नका. जवळजवळ निम्म्या गाठी काळानं आपोआप जातात, फक्त त्याला महिने, कधी वर्षं लागतात.

दुखत असेल तर मनगट मागं वाकवून त्यावर भार देणं आधी कमी करा. बहुतेक गाठी हाताच्या वरच्या बाजूला असतात आणि त्या अशाच वेळी सलतात: भाकरी थापताना, जमिनीला हात टेकून उठताना. उठताना मूठ टेकवा, मनगट सरळ राहतं. काम करताना मनगटाचा पट्टा बांधा, पण झोपताना सोडा. महिनोन्महिने बांधून ठेवला तर स्नायू कमजोर होतात. विड्या वळताना अधूनमधून सूप बाजूला ठेवून बोटं उघडा-मिटा. मजुरी हजार विड्यांवर मिळते, मध्ये थांबणं परवडत नाही, हे मला दिसतं. तरी दोन मिनिटं घ्याच.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर सुईनं द्रव काढतात. लगेच बरं वाटतं, पण निम्म्याहून जास्त वेळा गाठ परत भरते. ऑपरेशनमध्ये देठासकट काढतात, तेव्हा परत येण्याचं प्रमाण बरंच कमी, तरी शून्य नाही. नुसती दिसायला वाईट म्हणून ऑपरेशनची घाई करू नये, असं माझं मत. वण राहतो, मनगट काही काळ आखडतं.

ऑपरेशन ठरलंच तर आधी विचारून घ्या: देठ काढणार का, भूल कोणती, टाके कधी काढणार, किती आठवडे विड्या वळता येणार नाहीत. निपाणीहून कोल्हापूर जवळ म्हणून बरेचजण तिकडं जातात. कर्नाटकचं आरोग्य कार्ड असेल तर ते तिथं चालतं का, हे निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर बेळगाव गाठा.