भावंडांनी मिळून लाकडी यॉट बांधायला घेताना

लाकूड विकत घेण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा: कोण किती पैसे घालणार, आणि मध्येच कोणी बाहेर पडलं तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा. फळ्या बसल्या की होडी झालीच असं वाटतं. प्रत्यक्षात डेक, डोलकाठी, शिडं, इंजिन आणि आतलं सुतारकाम उरलेलं असतं, आणि बराचसा खर्च तिथेच होतो.

पहिलं काम जमिनीवरचं. आराखड्यातल्या रेषा पूर्ण मापात फरशीवर उतरवायच्या. १:१० च्या कागदावर अर्धा मिलिमीटर चुकला की होडीत ५ मिलिमीटर चुकतात. लवचीक पट्टी खिळ्यांमध्ये अडकवून तिच्या कडेने नजर फिरवा, फुगवटा लगेच दिसतो. कंटाळा येतो म्हणून ही पायरी उरकू नका.

कील (होडीचा तळाचा कणा), नाळ (पुढच्या टोकाचं उभं लाकूड) आणि त्यांचे सांधे हे सर्वांत अनुभवी हाताकडे द्यावेत. सांधा जिथे फळीची कड बसवायच्या खाचेला छेदतो, तिथे आरपार भोक पाडून मऊ लाकडाची कोरडी खुंटी ठोकायची. पाण्यात ती फुगते आणि सांध्यातून आत येणारं पाणी अडवते. ही खुंटी विसरली तर पुढे गळतीचा उगम शोधणं महाकठीण.

फासळ्या (सांगाड्याच्या आडव्या बाकदार पट्ट्या) वाकवण्यासाठी वाफवण्याच्या दिवशी मात्र सगळी भावंडं हजर हवीत. लाकूड ओलसर, सरळ तंतूंचं घ्या. भट्टीत वाळवलेलं तडकतं. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक तास वाफ. वाफेच्या पेटीतून काढल्यावर वाकवायला जेमतेम मिनिटभर मिळतं: एकाने पेटी उघडायची, दुसऱ्याने टोक खाचेत दाबायचं, तिसऱ्याने शिकंजे आवळायचे. हातमोजे जाड हवेत. आज्ञा एकाचीच चालावी, मग तो धाकटा का असेना. फासळी बाहेरून चिरली तर ती काढून टाका. चिकटवून निभावत नाही.

फळ्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसवा, नाहीतर सांगाडा पिळतो. लाकडात १२ ते १५ टक्के ओलावा असावा. फळ्यांच्या कडा आतून घट्ट भिडलेल्या हव्यात, बाहेरून मात्र दर २५ मिलिमीटर जाडीमागे सुमारे दीड मिलिमीटर फट ठेवायची आणि तिच्यात सुती वात ठोकायची. उत्साही हात इथे घात करतो: वात फार ठासली की फुगणाऱ्या फळ्या एकमेकींना ढकलतात आणि स्क्रू तुटतात. पाण्याखाली पितळी स्क्रू नकोत, त्यांतलं जस्त निघून जातं. सिलिकॉन ब्राँझचे घ्या आणि दोन धातू एकत्र वापरू नका.

पाण्यात उतरवल्यावर होडी गळणार, हे धरूनच चाला. पहिली रात्र तिला क्रेनच्या पट्ट्यांत टांगती ठेवा, पंप चालू, आणि पाळीपाळीने एकाने जागं राहायचं. सहसा एक-दोन दिवसांत फळ्या फुगून फटी मिटतात. तोवर आतून काहीही कोंबू नका.